अधिकाचा महिना कुणाचा?

"अधिकाचा महिना कुणाचा?"

भर दुपारच्या उन्हात, मुकुंदवाडीच्या त्या सारवलेल्या अंगणात रामकिसननं हा प्रश्न टाकला. टांग्याचा घोडा मान हलवून माश्या झाडत होता.

रामकिसन ओसरीच्या पायरीवर उभा होता. घरातला थोरला, बापाच्या मागं शेत राखणारा. त्याच्या पाठीशी दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून त्याची बायको भागूबाई उभी होती. जणू उंबरा कुणी उचलून नेणार होतं! टांग्याशेजारी धाकटा पुंजाराम टोपीनं वारा घेत होता. त्याचं गुलमंडीत कापडाचं दुकान. ते नोकरावर टाकून आलेला, म्हणून जीव सगळा तिकडं. आणि या तिघांच्या मधोमध, आपल्याच गाठोड्यावर, त्यांची आई बसली होती. मनकर्णाबाई. पासष्टीला टेकलेली, विटक्या हिरव्या लुगड्यातली, दोन्ही लेकरांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघणारी.

"कुणाचा म्हंजी?" पुंजाराम म्हणाला. "काल वैशाख सरला, मही पाळी सरली. आज जेठ लागला. जेठ तुहा. आप्पासाहेबांनी पंचासमोर सांगितलं व्हतं का नाय?"

"सांगितलं व्हतं की. पर ह्यो जेठ खरा नव्हं, ह्यो अधिक जेठ. खरा जेठ पुढल्या म्हैन्यात. मही पाळी खऱ्या जेठाची."

"वा रं दादा! मंग ह्यो म्हैना काय आभाळातून पडला?"

"पडला आसंल. पर मह्या दारात नाय पडला."

बाप गेल्यावर या दोघा भावांची वाटणी झाली होती. शेत दोन वाटे झालं, बैल दोन घरी गेले, विहिरीच्या मोटेची पाळी दिवसावर ठरली... आणि आईची पाळी महिन्यावर! चैत्र थोरल्याकडं, वैशाख धाकट्याकडं, जेठ पुन्हा थोरल्याकडं. अवस सरली की दुसऱ्या दिवशी टांगा निघायचा. गावचे जाणते आप्पासाहेब, चार पंच, सगळे शहाणे त्या बैठकीला होते. पण एकालाही आठवलं नाही की तिसऱ्या वर्षी पंचांगात तेरावा महिना येतो आणि त्या महिन्यातही माणसाला भूक लागते!

"दुष्काळात तेरावा म्हैना म्हणत्यात ते हेच!" भागूबाईनं चौकटीतूनच तोंड टाकलं. "धोंड्याचा म्हैना हाय. मह्ये दोन जावई यायचेत. त्येंच्या पायावर पाणी घालू, पुरणाचे धोंडे रांधू, का आत्याबाईंचा काढा उकळत बसू?"

"आन मह्या घरी बायकोच्या माहेरचा गोतावळा उतरलाय, वैनी. पाय ठेवाया जागा नाय."

सकाळी ज्वारीची पोती अंगणातून घरात गेली होती. सांडलेले चार दाणे मातीत पडून होते. मनकर्णाबाई खाली वाकली आणि ते दाणे एकेक करून वेचायला लागली... तिच्यावरून भांडण चाललं होतं, ती कुठं निजणार हे ठरत नव्हतं, आणि ती माऊली दुसऱ्याच्या ज्वारीचा दाणा पायाखाली जाऊ नये म्हणून पदरात गोळा करत होती!

कुंपणापल्याड, निंबाच्या सावलीत उभ्या असलेल्या वच्छलाच्या काळजाचं ते दृश्य बघून पाणी पाणी झालं. आणि त्याच क्षणी त्या पाण्याला उकळीही फुटली.

वच्छला या घरची लेक. रामकिसनच्या पाठची, पुंजारामच्या आधीची. दर अवसेच्या दुसऱ्या दिवशी ती दौलताबादहून एस.टी.नं यायची आणि या निंबाखाली उभी राहायची. टांग्यातून जाणारी आई तेवढी बघायची, आणि तशीच माघारी! बोलायची नाही. आईशी तिचा अबोला होता. पण डोळ्यांना कुठं अबोला धरता येतो?

पोलीस अ‍ॅक्शनच्या आदल्या वर्षी पटकीच्या साथीत तिचा धनी गेला. हातातला चुडा फुटला तसं सासरही फुटलं, अन् भरल्या वयात ती माहेरी आली. त्याच सालात रझाकारांची धामधूम. आईनं तिन्ही लेकरं घेऊन निजामाची सीव ओलांडली, परक्या गावात दिवस काढले, आणि माघारी आली तेव्हा घरात चूल सोडून काहीच उरलं नव्हतं. त्या चुलीवर मनकर्णाबाईनं पुन्हा संसार उभा केला आणि वच्छला तिचा उजवा हात झाली. नांगरामागं ती चालली. पुंजारामच्या दुकानासाठी तिनं पाटल्या उतरवून दिल्या. बाप गेल्यावर कायद्यानं आलेला आपला हिस्साही तिनं भावांच्या नावे सोडला... हसत सोडला! तिला वाटलं, हिस्सा सोडला तरी माहेर आपलंच.

मग रामकिसनच्या थोरल्या लेकीचं लगीन निघालं. हळद लावायला वच्छला कौतुकानं पुढं झाली, अन् भागूबाईनं भर मांडवात तिचा हात धरला, "वन्सं, तुमी लांबच ऱ्हा. शुभकार्य हाय." हळदीनं माखलेली बोटं तशीच हवेत राहिली. वच्छलानं आईकडं पाहिलं. एकच शब्द... आईनं एक शब्द बोलावा! आणि आई बोलली. खाली बघून बोलली, "भागवून घे वच्छे."

भागवून घे! मीठ नसलं तर भागवून घे, लुगडं विरलं तर भागवून घे, म्हणत ज्या आईनं सगळं आयुष्य शिकवलं, तिनं लेकीचा अपमानसुद्धा मिठासारखा भागवायला सांगितला. त्याच दिवशी वच्छला घरातून निघाली, ती आजतागायत त्या अंगणात आली नव्हती.

आज आली. निंबाखालून ताडताड चालत आली.

"ऊठ माय."

सगळे दचकले. भागूबाईचे हात चौकटीवरून सुटले.

"तू मधी पडू नको, वच्छे," रामकिसन गुरगुरला.

"मधी तर माय पडलीया, दादा. दोघांच्या मधी. मी उचलाया आले."

"लेकीच्या घरी मायला धाडू? गाव काय म्हणंल? आन तुह्या पोटी लेकरू नाय. लेकीला लेकरू हुईस्तोवर तिच्या घरचं पाणी आईबाप पीत नसत्यात, ठावं नाय का तुला?"

"गाव!" वच्छला हसली. ते हसू नव्हतं, ती धार होती. "ही मघापासनं उन्हात बसलीया. गावानं येऊन सावली केली का? तुमी दोघं तिचे म्हैने मोजा, रीत मोजा, मी नेते मह्या मायला!"

मनकर्णाबाईनं पदरातले दाणे ओसरीच्या कडेला नीट ठेवले. गुडघ्यावर हात टेकून ती उठली. आणि जन्मात पहिल्यांदा त्या दोघा भावांनी आपल्या आईचा आवाज चढलेला ऐकला.

"अधिकाचा म्हैना तुहा नाय, रामा?"

"नाय... म्हंजी..."

"पुंजा, तुहा बी नाय?"

पुंजाराम टोपीकडं बघू लागला.

"मंग महा! बारा म्हैने तुमचे. तेरावा महा. मह्या म्हैन्यात मी मला वाटंल तिथं ऱ्हाईन. चल वच्छे."

* * *

किल्ल्याच्या पायथ्याशी वच्छलाची एक खोली होती. पुढं पत्र्याची पडवी, मागं अर्ध्या वाट्यावर, अर्धेलीनं केलेली पेरूची झाडं. हिवाळ्यात किल्ला बघायला येणाऱ्यांना ती पेरू विकी. उन्हाळ्यात झाडं रिकामी, तेव्हा व्यापाऱ्याच्या चिंचा फोडून देई. पोटापुरतं मिळे, पोटाबाहेरचं काही नाही.

आईला तिनं आणलं खरं. पण आणल्यावर तिच्या जिभेला कुलूप लागलं. रागाच्या भरात माणूस उचलून आणता येतं, घरात बसवता येत नाही! तिनं तांब्या भरला आणि आईपुढं धरताना आवाज मुद्दाम कोरडा ठेवला.

"मह्या घरचं पाणी चालंल ना? का भावजयीकडून आणू?"

मनकर्णाबाईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. घटाघटा प्याली. ओठ पुसले.

"पाण्याला कुठं घर आसतं गं? आड गावाचा, तहान मही." मग इकडंतिकडं बघत म्हणाली, "केरसुणी कुठाय?"

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीचा चेहरा बदलला. म्हातारी पहाटे उठे, जात्यावर बसे. पीठ चाळून राहिलेला कोंडा शेजारच्या म्हशीला जाई आणि म्हशीचं वाटीभर ताक घरी येई. भाकरी थापल्यावर परातीत उरलेलं पाणी पडवीतल्या आळूला. रात्रीचा निखारा राखेत पुरलेला, म्हणून सकाळी काडी ओढायची नाही. आंब्याची साल, कोय, चिंचेचा चिंचोका, त्या हातांना टाकाऊ म्हणून काही दिसतच नव्हतं. चिंचोके भाजून ती सालं काढी, अर्धे खायला, अर्धे दळून लुगड्याला खळ. आणि तरी तिच्या हातात कंजूषपणा नव्हता! दारात भिकारी आला तर भाकरीचा मोठा तुकडा त्याला, लहान आपल्याला. वच्छला बघत राही. हे सगळं तीही करत होती. पण ती करायची ते दात आवळून, जगाचा सूड घेतल्यासारखी. आई करायची ते गुणगुणत. एकाच भाकरीच्या दोन चवी कशा?

पहाटे जात्यावरची ओवी ऐकू येई,

*थोडं माझं पीठ बाई, चाळणीला ठावं*
*थोड्यात ज्याचं भागं, त्यानं कुणाला का भ्यावं?*

*विस्तव माझा इवलासा, राखेखाली राही*
*आग मागायाला मी गं, दारोदारी जात नाही*

ऐकता ऐकता वच्छला अंथरुणात उठून बसे आणि मग ती स्वतःवरच चिडे. 'कुणाला का भ्यावं' म्हणे! मग त्या दिवशी मांडवात कुणाला भ्याली होतीस, माय?... पण शब्द ओठावर येऊन परत जात. अबोला तसाच राहिला. दोघी एका परातीत चिंचा फोडत, बोटं बोटांना लागत, पण बोलणं 'मीठ दे'च्या पुढं जात नसे.

आणि मग एक गोष्ट वच्छलाच्या ध्यानात आली. आई दुपारचं जेवेना. "भूक नाय" म्हणे. चिंचा फोडायच्या तर दुप्पट फोडी, आणि मजुरी म्हणून व्यापाऱ्याच्या बायकोकडून ओंजळभर हरभऱ्याची डाळ मागून घेई, कधी गुळाचा खडा, कधी पसाभर गहू. ते घरात शिजत नव्हतं. मग ते जात होतं कुठं?

महिना सरत आला होता. एका सकाळी उतरंड झाडताना वच्छलाच्या हाती तळातलं मडकं लागलं. डाळ. गूळ. गव्हाचं पीठ. फडक्यात बांधलेली वाटी, वाटीत तूप! पुरणाचं सगळं सामान... धोंड्याचं सामान!

रामकिसनच्या घरी जावई यायचेत. नातजावयांसाठी, त्या भागूबाईच्या जावयांसाठी, ही बाई इथं उपाशी राहून साठवते आहे! ज्या उंबऱ्यानं तिला उन्हात बसवलं, त्याच उंबऱ्यावर गाठोडं घेऊन जाणार ही!

"माय!" मडकं घेऊन ती पडवीत आली. इतक्या वर्षांचा बांध त्या एका हाकेनं फुटला. "हे कुणासाठी? मह्या घरात उपाशी ऱ्हाऊन त्येंच्या घरचे धोंडे करतीस? हेच शिकवलंस जलमभर! भागव, भागव, भागव! तुह्या भागवण्यानं महं काय झालं बघ. पाटल्या गेल्या, भागवलं. हिस्सा गेला, भागवलं. हळदीचा हात धरला तवा बी तू म्हणलीस, भागवून घे! आगं, तू एक डाव म्हणायचं व्हतंस, 'मही लेक हाय ती, हात सोड!' एवढंच. मी जलमभर उपाशी ऱ्हायले आसते त्या एका बोलावर... जलमभर!"

मनकर्णाबाईच्या हातातली चिंच गळून पडली. किल्ल्याकडून वाऱ्याची झळ आली, पत्रा तडतडला.

"बस हितं," ती म्हणाली.

"नाय बसत!"

"नको बसू. उभ्यानं ऐक." म्हातारीचा आवाज कापत होता, पण खाली येत नव्हता. "मी तुला शिकवलं ते खोटं नाय, वच्छे. अर्धं हाय. भाकर अर्धी आसंल तर अर्धीत भागवावं. पर मान अर्धा आसंल तर ताटावरून उठावं, हे मी तुला कधी सांगितलं नाय. का? मलाच ठावं नव्हतं! मला वाटायचं, गरज थोडी ठिवली का माणूस सुखी. आता त्या अंगणात गाठोड्यावर बसले तवा कळलं, गरज थोडी ठिवायची ती कशापायी? कुणाफुडं वाकाया लागू नाय म्हून! आन मी येडी, जलमभर थोडक्यात भागवलं आन तरी वाकतच ऱ्हायले. मंग त्या काटकसरीचा उपेग काय झाला गं? तू मांडवातनं उठून गेलीस ना... ते तू मह्यापरीस जास्त शिकलीस."

वच्छलानं हातातलं मडकं खाली टेकवलं.

"आन ते मडकं हाय ना," आईनं डोळे पुसले, आणि त्या ओल्या डोळ्यांत एकाएकी खट्याळ चमक आली, "ते भागूच्या जावयांचं नाय. ज्याला त्याला आपापले जावई! उद्या सकाळी डोक्यावरनं न्हाऊन घे. उद्या मह्या लेकीचा धोंडा हाय."

"मह्या... माय, मला कसला धोंडा? जावईच..."

"न्हाऊन घे म्हणलं ना!"

वच्छला मटकन खाली बसली. आणि मग त्या पडवीत, चिंचांच्या टरफलांत, अडतिशीला आलेली ती बाई आईच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली... रडली!

* * *

दुसऱ्या दिवशी खोलीत वेलदोड्याचा नाही, पण गुळाचा आणि तुपाचा वास भरला होता. मनकर्णाबाईनं कणकेच्या पारीत पुरण भरून गोल धोंडे वळले, चाळणीवर वाफवले. पाट मांडला. पाटाभोवती पिठानं रांगोळीची रेघ ओढली. वच्छला न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून संकोचानं पाटावर बसली होती, तोच दारात बैलगाडीची चाकं वाजली.

रामकिसन आणि पुंजाराम दाराशी आले. मागं गाडीपाशी त्यांचा कारभारी नावाचा गडी उभा होता.

"चल माय," रामकिसननं खाली बघत म्हटलं. "धाकला जावई आडून बसलाय. म्हंतो, आजीच्या हातचं पाणी पायावर पडल्याबगार धोंडा खायचा नाय. गावात बी लोक हासाया लागले. 'रामकिसनचा तेरावा म्हैना कुठंय' म्हून इचारत्यात. चल. उरलेले दिवस मी घेतो."

"घेतो?" म्हातारी चुलीपाशीच बसून होती. "मी काय मोट हाय, तू उरलेली पाळी घ्याया?"

तेवढ्यात रामकिसनची नजर पाटावर, रांगोळीवर, ताटावर गेली. त्याच्या कपाळावर आठी चढली.

"हे काय? धोंडा? जावई कुठाय?"

"जावई मेला," मनकर्णाबाई उठली. "लेक जित्ती हाय!"

"माय, आसं कुठं रीतीत..."

"रीत मला नको शिकवू, रामा! आरं, जावई कुणाच्या नात्यानं जावई झाला? लेक हाय म्हून! सावलीला पुजता आन झाडाला उन्हात उभं करता? मही लेक इतकी वर्सं निंबाखाली उभी ऱ्हायली. मह्याच दारात, कुंपणाबाहीर! आन मी टांग्यातनं बघून न बघितल्यागत गेले. आता नाय. ह्यो म्हैना महा हाय, मह्या म्हैन्यात रीत बी मही!"

तिनं तांब्या उचलला. धोंड्याला जावयाच्या पायावर पाणी घालतात, तसं ती वाकून लेकीच्या पायांवर पाणी घालायला निघाली. वच्छलानं झटकन पाय ओढून घेतले.

"नगं माय! तू मह्या पायावर... मला पाप लागंल!"

आणि तो तांब्या आईच्या हातातून कुणीतरी काढून घेतला. पुंजारामनं. त्याची टोपी कुठंतरी पडली होती, पांढऱ्याशुभ्र धोतराचा सोगा मातीत लोळत होता, आणि तो गुडघ्यावर बसला होता.

"मला धुऊ दे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आक्का, आपण सीव ओलांडली त्या दिवशी तापलेल्या खडकावर मी रडत बसलो व्हतो. तू आपल्या पायातल्या वहाणा काढून मला घातल्या आन आनवाणी चाललीस. फोड आले व्हते तुला. मी बघितले व्हते, आक्का... मी बघितले व्हते. आन मंग दुकान लागलं, आन मी तुहे पाय बघायचंच सोडलं..."

पाणी पडत होतं. त्या पाण्यात काय काय मिसळलं होतं, ते कुणी वेगळं करू शकलं नसतं. म्हातारी बाजूला उभी राहून हलक्या आवाजात गायला लागली. ओवी तिला तिथल्या तिथंच सुचली असावी,

*जावयाच्या पाटाला गं, साऱ्या जगाची रांगोळी*
*लेकीच्या पाटाला माझ्या, माझ्या आसवांच्या ओळी*

रामकिसन दारातच उभा होता. आत यावं की मागं फिरावं, हे त्याला कळत नव्हतं. वच्छलानं डोळे पुसले, मान वर केली. तिच्या नजरेत ओल होती, पण लाचारीचा थेंब नव्हता.

"दादा, हिस्सा मी सोडलाय. त्यो माघारी मागत नाय, कधी मागणार बी नाय. मह्या हातानं महं भागतंय. पर माहेर मी सोडलेलं नाय. पंचमीला येईन. मागल्या दारानं नाय, फुडल्या. आन पुढल्या लगनात हळद मी लावीन. पैली!"

रामकिसननं उंबऱ्याआत पाऊल टाकलं. "...ये. भागूला मी सांगतो."

"नगं सांगू. मीच सांगंन तिला. तुह्या सांगण्यानं ती उलटी चिडंल."

पुंजाराम रडता रडता हसला. रामकिसनलाही हसू फुटलं, आणि ते लपवायला त्यानं पटका काढून मांडीवर घेतला अन् उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसला. बसल्यावर एकदम थकल्यासारखा, म्हातारा दिसला तो.

"पर माय," त्यानं हळूच विचारलं, "आता खरा जेठ लागंल. मंग तू... कुणाकडं?"

मनकर्णाबाई ताटात धोंडे वाढत होती. वर न बघता ती म्हणाली,

"पाळी मोडली, रामा. नातजावयाच्या पायावर पाणी घालाया येईन, घटकाभर. पुंजाकडं बी येईन. ज्या घरात मला 'कवा आलीस?' म्हणत्याल तिथं जाईन. 'कवा जाणार?' म्हणत्याल तिथनं उठंन. मधल्या टायमाला ही खोली हाय, आन चिंचा हायेत."

वच्छलानं ताटातला धोंडा मोडला. वाफ वर आली, पुरणाचा सोनेरी गर उघडा पडला. पहिला घास तिनं आईच्या तोंडाशी नेला, अन् म्हातारीनं लेकीच्या घरचा तो घास डोळे मिटून खाल्ला.

बाहेरून कारभारीची हाक आली, "मालक, ऊन चढतंय. आजीला घिऊन निघायचं ना?"

रामकिसननं एकवार आईकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं. मग उठून पटका खुंटीला अडकवत तो दारातूनच ओरडला,

"बैलं सोड रं! आन हात-पाय धुवून तू बी जेवाया ये."